दिवा बसला

लोखंडी नळीच्या तोंडाशी बांधलेली कापडाची पट्टी हलली आणि गर्दीतून "आले, आले!" अशी कुजबुज उठली. मागचे लोक चवड्यांवर उभे राहून पुढच्यांच्या खांद्यांवरून पाहू लागले. वारा अगदी पडला होता. कुंपणाकडच्या झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं, आणि ही पट्टी मात्र वर उठून फडफडत होती. नळी जमिनीतून कमरेएवढी वर आलेली, गंजलेली. खाण चालू होती तोवर भटक्या कुत्र्यांखेरीज तिच्याकडे कोणी फिरकत नसे. आता तिच्याभोवती अख्खी खाणवस्ती श्वास रोखून उभी होती.

"खालच्यांची पाळी सुरू झाली," उंच खुर्चीवरून श्वासगुरू म्हणाले. "वरच्यांनी एकेक करून पुढे या. ढकलाढकली नको, ते कुठे पळून जात नाहीत."

शिंपीणकाकू पुढे आल्या. त्यांचा नवरा खाली राहिला होता. हातातला जाळीचा जुना दिवा त्यांनी नळीच्या तोंडावर धरला. ज्योत लवली, बारीक झाली आणि विझली.

"घेतला!" गुरूंनी दोन्ही हात वर केले. "तुमचा उजेड त्याने घेतला, ताई. खाली अंधार फार. तो म्हणतो, आता जरा दिसतंय. पाय दुखत नाहीत म्हणतो."

काकूंनी नळीवर गाल टेकला आणि त्या आत बोलू लागल्या: शिलाईयंत्राचा पट्टा बदलला, थोरलीला चष्मा लागला, तुमचा सदरा अजून खुंटीवरच आहे. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मग दुसरी बाई, मग तिसरा बाप. प्रत्येकाचा दिवा विझला आणि प्रत्येकाला खालून निरोप आला. खालचे लोक हयातीत एकमेकांशी भांडत, एकेकाची बोलण्याची तऱ्हा निराळी होती. खाली गेल्यावर मात्र सगळे अगदी गुरूंसारखे बोलायला लागले होते. एकाचेही पाय दुखत नव्हते. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण जो तो आपलंच माणूस ऐकायला आला होता.

गर्दीच्या कडेला भूगोलाच्या बाई उभ्या होत्या. वस्तीच्या शाळेत त्या शिकवत. त्या आल्या होत्या आईला घरी न्यायला, आणि आई रांगेत उभी होती.

या जाळीच्या दिव्यांची हकिगत आधी सांगायला हवी. विजेचे दिवे येण्यापूर्वी खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाकडे असा एक असे. तो उजेडापेक्षा इशाऱ्यासाठी असे. खाणीत कुठे कुठे मेली हवा साचते. तिला रंग नाही, वास नाही, आणि जड असल्यामुळे ती पाण्यासारखी सखल जागी जाऊन बसते. माणसाच्या आधी ज्योतीला तिचा पत्ता लागतो. ज्योत बारीक झालेली ज्याला प्रथम दिसेल त्याने ओरडायचं, "दिवा बसला!" ते ऐकलं की हातातली कुदळ तिथेच टाकायची आणि कोण ओरडलं, का ओरडलं हे न विचारता वर निघायचं. पोरंसोरं अंगणात हाच खेळ खेळत. पुढे टोपीवर विजेचा दिवा आला, हवा मोजायला यंत्रं आली आणि जाळीचे दिवे घरोघरच्या फळीवर जाऊन बसले. आजोबांची आठवण म्हणून लोक ते घासूनपुसून ठेवत. ते कशासाठी होते, हे हळूहळू सगळे विसरले.

दोन वर्षांपूर्वी खाणीत आग लागली. आत हवा जात राहिली असती तर आग वस्तीखाली पसरली असती, म्हणून खाणीची तोंडं काँक्रीटने बुजवली; आतली हवा सुटायची ही बारीक नळी तेवढी राहिली. आत कोणी जिवंत नाही असं यंत्रांनी सांगितलं, साहेबांनी सांगितलं. पण मेलेलं माणूस कोणाला दिसलं नाही. जे असं दिसत नाही त्याच्यासाठी धड रडताही येत नाही आणि रडणं संपवताही येत नाही. बाईंचा धाकटा भाऊ आगीच्या वेळच्या पाळीत होता. घरात दोघीच उरल्या, तरी आई तेव्हापासून तिघांचा स्वयंपाक करत होती, आणि बाईंना तिला एकदाही अडवता आलं नव्हतं.

अशा वस्तीत श्वासगुरू उगवले. पोरं त्यांना मागून फुंकरबाबा म्हणत. कुठून आले, आधी काय करत होते, कोणी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी नेमकी ही नळी शोधली, तिला पट्टी बांधली आणि सांगितलं, "उद्या सकाळी तुमची माणसं बोलतील." दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी उडाली. मग काय, वस्ती त्यांच्या पायाशी.

"कोळसा म्हणजे काय हो?" आता गुरू विचारत होते. रोज हाच प्रश्न. "शाळेच्या बाई इथे आहेत, त्यांनाच विचारा. कोळसा म्हणजे जंगल! कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जंगल जमिनीखाली गेलं. मेलं का? पेटवून बघा, अजून जळतं! म्हणजे त्यात प्राण आहे. झाडाचा प्राण एवढा टिकतो, तर तुमच्या लेकरांचा दोन वर्षं टिकणार नाही?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. यातलं अर्धं त्यांच्याच धड्यातलं होतं.

घरी जाताना आई थकलेल्या पण हसऱ्या चेहऱ्याने चालत होती. दिवा तिने पदराखाली धरला होता.

"आई, जंगल जळतं ते प्राणामुळे नाही गं," बाई म्हणाल्या. "त्या झाडांनी पानांत ऊन साठवलं होतं. झाडं दलदलीत पडली, पाण्याखाली हवा नव्हती म्हणून पुरती कुजली नाहीत. वर गाळ आला, वाळू आली. थरावर थर. त्या वजनाने आणि उष्णतेने झाडांचा कोळसा झाला, गाळाचा आणि वाळूचा दगड झाला. आपण चुलीत पेटवतो ते जुनं ऊन. त्यात कोणी जिवंत नाही."

"बरं," आई म्हणाली.

"आणि दिवा विझतो तोही त्याच कोळशामुळे. ज्वाळा नसली तरी कोळसा हवेतला प्राणवायू हळूहळू खातच राहतो. बंद खाणीत दोन वर्षं तेच चाललंय. नळीतून येते ती मेली हवा, आई. तुझ्या वडिलांनी तुला—"

"तुला तुझा भाऊ नको असेल," आई म्हणाली, "म्हणून मलाही नको का?"

 आणि ती पदराखालचा दिवा सावरत पुढे निघून गेली.

शाळेच्या ओसरीत भिंतीवर एक बॅरोमीटर होता. हवेचा दाब दाखवणारं ते गोल घड्याळ. रोज सकाळी वर्गातल्या दोन मुलांनी काटा वाचायचा आणि फळ्यावर आकडा लिहायचा, असा बाईंचा शिरस्ता. एकदा मुलांनी आकडा लिहिला आणि एक मुलगी सहज बोलून गेली, "काटा उतरला, बाई. आज फुंकरबाबाचे लोक बोलणार." वर्ग हसला. बाईंनी तिला जवळ बोलावलं.

"तुला गं कसं माहीत?"

"काटा उतरला की बोलतात. चढला की त्यांचं मौन असतं," मुलगी म्हणाली. "आम्ही पैजा लावतो."

बाईंना स्वतःचाच राग आला. बाहेरचा दाब उतरला की बंद खाणीतली हवा फुगून मिळेल त्या भोकातून बाहेर पडते. दाब चढला की तीच खाण बाहेरची हवा आत ओढते. वादळ येण्याआधी दाब उतरतो. हे त्या दरवर्षी शिकवत होत्या, आणि पोरांनी ते नळीशी जोडून पैजाही लावल्या होत्या. शाळेच्या मागे कुंपणात तशीच एक नळी होती, पणजोबांच्या काळच्या दुसऱ्या खाणीची. त्या खाणीतला काढण्याजोगा कोळसा संपला म्हणून ती बंद केली होती. शेवटचा माणूस जेवणाचा डबा हलवत, शीळ घालत बाहेर आला होता. तो माणूस म्हणजे खाणीच्या मुकादमांचा बाप, आणि ही हकिगत मुकादम दर चार दिवसांनी कोणा ना कोणाला ऐकवत. या मुकादमांची दोन्ही मुलं मात्र आगीच्या पाळीत होती.

पुढे काटा उतरला त्या दिवशी बाईंनी आईला हाताला धरून शाळेमागे नेलं. तिचा तळवा त्या नळीवर ठेवला. थंड, ओलसर हवा बोटांतून वर येत होती. दिवा धरला, विझला.

"हे बघ. इथे खाली कोणी नाही. कधीच कोणी राहिलं नाही. तरी श्वास येतो, आणि तिकडच्या नळीत येतो त्याच वेळी येतो."

आई बराच वेळ हात तसाच ठेवून उभी राहिली. बाईंना वाटलं, तिला समजलं. मग आईचा चेहरा उजळला.

"म्हणजे तो इथपर्यंत चालत आला," ती म्हणाली. "शाळेपाशी. तुला भेटायला आला असेल गं."

बाई नळीपाशीच मटकन बसल्या. भावासाठी त्या इतक्या दिवसांत प्रथम मोठ्याने रडल्या, आणि आईने त्यांना थोपटलं.

तोवर गुरूंनी नवं खूळ काढलं होतं. उघड्यावर श्वास वाया जातो, म्हणे. नळीभोवती घर बांधायचं, श्वासघर. आणि ते कसलं बांधायचं, तर जे खाली राहिले त्यांच्या खोल्यांच्या दारांचं. "ज्या दारातून ते कामावर गेले, त्याच दारांच्या आत ते परत येतील," गुरू म्हणाले. हे ऐकून बिजागऱ्या काढायला वेळ लागला नाही. दाराला दार लावून भिंती उभ्या राहिल्या. वर पत्रा पडला. फटी चिकणमातीने लिंपल्या, एकही राहू दिली नाही. बाई शाळेतून आल्या तेव्हा धाकट्याच्या खोलीची चौकट रिकामी होती आणि आई जमिनीवर पडलेला भुसा झाडून काढत होती. दारावर धाकट्याने लहानपणी आपल्या उंचीच्या रेघा मारल्या होत्या. त्या रेघाही गेल्या.

काही दारं अजून बसायची होती, तरी त्या अर्धवट श्वासघरात बैठकी सुरू झाल्या. लोक खाली बसत, गुरू उंच खुर्चीवर. गुरूच ते, उंच बसायचेच. थोड्या वेळाने लोकांची छाती भरून येई, डोकं गरगरे, कानांत आवाज होई. "तो अंगात उतरतोय," गुरू वरून समजावत. "घाबरू नका, येऊ द्या." आई घरी आली की तिचं कपाळ ठणकत असे आणि ओठ निळसर दिसत. बाई खाणीच्या साहेबांकडे जाऊन आल्या. साहेब म्हणाले, लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे, बघू. डॉक्टरीणबाई एकदा येऊन बोलून गेल्या. त्यांना विचारण्यात आलं की तुमच्या औषधाने मेलेलं माणूस बोलतं का?

शेवटचं दार बसलं आणि गुरूंनी महाश्वासाची सकाळ जाहीर केली. त्या सकाळी मुलांनी फळ्यावर आकडा लिहिला आणि तो बाईंना खोटा वाटला. त्यांनी स्वतः जाऊन काटा पाहिला. इतका खाली त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. आभाळ शिशासारखं झालं होतं, मोठं वादळ येत होतं. खाण आज पोटातली सगळी हवा बाहेर टाकणार होती, आणि वस्ती त्या नळीभोवती दार लावून बसणार होती.

बाई धावत गेल्या. श्वासघराच्या उघडणाऱ्या एकुलत्या एका दारापाशी मुकादम उभे होते.

"काका, आज नको. पाया पडते. आत मेली हवा भरेल. तुम्ही खाणीत आयुष्य काढलंत, तुम्हाला मी काय सांगू?"

"बाई," मुकादम शांतपणे म्हणाले, "माझी दोन्ही पोरं येणार आहेत आज. आत यायचं तर या, नाहीतर बाजूला व्हा."

आई आत होती. बाई आत गेल्या. मागोमाग मुकादम आत आले, दार लागलं आणि आतून फटीला माती लिंपली गेली.

आत अंधार होता आणि जमिनीवर प्रत्येक कुटुंबापुढे एकेक दिवा. त्या उजेडात भिंतींवरची दारं दिसत होती: कुणाची खिळे मारलेली, कुणाची निळी रंगवलेली, एकावर उंचीच्या रेघा. मधोमध नळी. पट्टी फडफडत नव्हती, ती सरळ वर ताठ उभी होती. गुरू खुर्चीवर बसून बोलत होते. "या, लेकरांनो, या. दारं तुमचीच आहेत." त्यांचा आवाज गोड होता, आणि खरं सांगायचं तर त्या अंधारात बाईंचीही नजर रेघांच्या दाराकडे गेली.

नळीजवळचा पहिला दिवा विझला. "आले!" शिंपीणकाकू ओरडल्या. त्या अगदी नळीला टेकून बसल्या होत्या. मग त्याच्या शेजारचा विझला, मग पलीकडचा. जमिनीवरून अंधार गोल गोल पसरत येत होता, आणि लोक हसत होते, रडत होते, नावं घेऊन हाका मारत होते.

"उठा!" बाई म्हणाल्या. "अहो, उठा, उभे राहा!" चारपाच हातांनी त्यांना खाली ओढलं. गप्प बस, बाई, निदान आज तरी. बाईंची छाती भराभर वरखाली होत होती, तरी हवा पुरेना. शिंपीणकाकूंची मान कलंडली. कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "लागली समाधी."

बाईंनी आईकडे पाहिलं. आईचा दिवा अजून पेटता होता, कारण तिने तो मांडीवर धरला होता. अंधार जवळ आला तशी तिने तो हळूच खाली ठेवला. ज्योत बारीक झाली. तिने दिवा उचलला, ज्योत सावरली. पुन्हा खाली नेला, पुन्हा बारीक झाली. वाटीने पाणी मापावं तशी ती मापत होती. तिचे वडील खाणीत कामाला होते. लहानपणी त्यांनी तिला तळघरात नेऊन दिव्याने हवा मापायला शिकवलं होतं. तिने मान वर करून गुरूंकडे पाहिलं. त्यांच्या खुर्चीच्या हातावरचा दिवा मजेत जळत होता. मग तिने रेघांच्या दाराकडे पाहिलं. तिचा चेहरा कसा झाला ते बाईंना पुढे कधी कोणाला सांगता आलं नाही. धाकटा मेला, हे आईला त्या क्षणी कळलं.

"दिवा बसला!" आई ओरडली.

म्हातारीच्या अंगात एवढा आवाज होता हे कोणाला माहीत नव्हतं. "दिवा बसला! वर निघा! दिवा बसला!"

दोन वर्षं जे बोलण्याने झालं नाही ते या दोन शब्दांनी झालं. खाणवस्तीतली माणसं ती. विचार करण्याआधी त्यांचे पाय उठले. मुकादमांनी, आपण काय करतो हे न कळता, दारावर लाथ घातली. माती फुटली, दार पडलं, उजेड आत आला. धक्काबुक्की झाली नाही. खाणीतल्या शिस्तीने लहान पोरं आधी, मग बाया, आणि दोघांनी शिंपीणकाकूंना काखेत धरून बाहेर काढलं. दार एकच होतं, त्यामुळे गुरूंनाही सगळ्यांच्या मागून खोकत बाहेर यावं लागलं.

मोकळ्या हवेत काकूंनी डोळे उघडले. कोणीतरी बोलावून आणलेल्या डॉक्टरीणबाई त्यांच्या उशाशी बसल्या होत्या.

"का उठवलंत मला?" काकू म्हणाल्या. "आता भेटणारच होते."

वादळाचे पहिले थेंब पडायला लागले होते, तरी कोणी घरी जाईना.

बाईंनी आईच्या हातातला दिवा घेतला. उंबऱ्यात उभं राहून तो डोक्याच्या उंचीवर धरला, जळत राहिला. गुडघ्याशी नेला, बारीक झाला. जमिनीला टेकवला, विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा तेच. "कोणी घेत नाही हा उजेड," त्या म्हणाल्या. "खाली हवा मेलेली आहे, वर अजून जिवंत आहे. गुरू रोज उंच खुर्चीवर का बसायचे ते आता बघा. त्यांनी कधी नळीला तोंड लावलेलं कोणी पाहिलंय?"

कोणी पाहिलेलं नव्हतं. दोघं नाक दाबून आत गेले आणि खुर्ची उचलून घेऊन आले. तिच्या बैठकीखाली कापडात गुंडाळलेलं एक गोल घड्याळ निघालं. शाळेच्या ओसरीत आहे तसंच. पोरांनी ते लांबूनच ओळखलं आणि एकाने काटा मोठ्याने वाचूनही दाखवला.

गुरूंनी कबूल केलं, आणि फार आढेवेढे घेतले नाहीत. खाणींसाठी जमिनीत भोकं पाडणाऱ्या टोळीबरोबर ते कधीकाळी काम करत होते. खाणींच्या नळ्या श्वास घेतात हे तिथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. घर बांधायचं त्यांच्या डोक्यात आलं ते लोकांना गरगरतं ते आवडतं म्हणून. "एवढं होईल असं नव्हतं वाटलं," ते म्हणाले. तेवढं मात्र खरं असावं, कारण दाराला माती लागली तेव्हा ते स्वतःही आतच होते.

मुकादम पुढे आले. लोकांना वाटलं, आता हाणतील.

"माझ्या पोरांचे निरोप," मुकादम म्हणाले. "पाय दुखत नाहीत, भांडण मिटलं, ते सगळं तुम्हीच रचलंत?"

"तुम्हाला बरं वाटत होतं ना?" गुरू म्हणाले.

"हो," मुकादम म्हणाले. "फार बरं वाटत होतं." आणि ते तसेच पावसात खाली बसले. गुरूंना अंगाला हात न लावता दोघांनी पोलीस चौकीवर नेलं. त्यांच्याकडे वळून पाहायचंसुद्धा कोणाला सुचलं नाही.

पाऊस ओसरल्यावर मुकादम एकटेच शाळेमागे जाऊन आले. बापाने बंद केलेल्या खाणीच्या नळीवर त्यांनी आपला हात ठेवला. परत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तिथेही येतोय श्वास. आणि तिथे कोणी नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो." त्यानंतर वाद राहिला नाही.

काहींनी म्हटलं, नळी आत्ताच बुजवून टाकू. बाईंनी सांगितलं, ते मुळीच करू नका, हवा दुसरी वाट काढून एखाद्याच्या घरात निघेल. नळी छपरांपेक्षा उंच करायची आणि भोवती कुंपण घालायचं. साहेबांनी या वेळी भावनांचा प्रश्न काढला नाही.

श्वासघर उतरवलं आणि ज्याचं दार त्याच्या घरी गेलं. संध्याकाळी बाईंनी आणि आईने मिळून धाकट्याच्या खोलीचं दार बसवलं. बाईंनी ते उचलून धरलं, आईने बिजागऱ्यांचे स्क्रू पिळले. रेघांवर चिखल लागला होता, तो आईने ओल्या फडक्याने पुसला.

"मी त्याला इतकं काय काय सांगितलं," आई म्हणाली. "त्यातलं त्याला काहीच कळलं नाही?"

बाईंना खोटं बोलावंसं वाटलं. एवढं एकदाच, आईपुरतं. पण खोट्याने काय होतं ते त्या सकाळीच पाहून आल्या होत्या.

"नाही, आई."

आईने मान हलवली. "मग आता तो आहे कुठे? तुझ्या पुस्तकात काही असेल ते सांग. गोड करून नको."

"त्या दगडात आहे," बाई म्हणाल्या. "तिथे एकेकाळी झाडं होती आणि गाळ होता. दबून दगड झाला. आपला डोंगर आहे ना, तोही कधीकाळी समुद्राचा तळ होता, वर उचलला गेला. आता पावसाने झिजतोय. त्याची वाळू नदीतून समुद्रात जाते, थर बसतात, पुन्हा दगड होतो. धाकटाही त्यातलाच होईल. कोट्यवधी वर्षांनी ते थर वर येतील, त्यावर ऊन पडेल. पण त्याला कळणार नाही, आणि तेव्हा आपण कोणी नसू."

"फार उशीर आहे मग," आई म्हणाली. तिने दार लोटलं आणि कडी लावली. मग दाराला पाठ लावून ती जमिनीवर बसली आणि दोन वर्षांचं रडली. त्या दिवसापासून तिने दोघींचा स्वयंपाक केला.

पुढच्या वेळी काटा उतरला तेव्हा आई दिवा घेऊन शाळेमागे आली. बाईंनी वर्ग बाहेर आणला. आईने नळीवर दिवा धरून दाखवला, ज्योत कशी लवते, कशी बारीक होते, कशी विझते. मुलं एकमेकांना ढकलत पुढे आली.

"आजी, कोणी घेतला दिवा?" एकाने मुद्दामच विचारलं.

"कोणी नाही रे," आई म्हणाली. "आपलं माणूस गेलं की खूप रडावंसं वाटतं. रडा. त्यात लाज नाही. पण कोणी सांगितलं की ते परत येतंय, तर त्याला विचारा, कसं येतंय, दाखव. तो रागावला तर समजा, त्याला माहीत नाही किंवा फार माहीत आहे. आणि दिवा बसला तर हरखू नका. आधी बाहेर या, मग का बसला ते शोधा."

मुलांना शेवटचं वाक्य तेवढं आवडलं. "दिवा बसला!" असं ओरडत ती मैदानाकडे पळत सुटली आणि बाई त्यांच्यामागे गेल्या. आई नळीपाशी एकटी राहिली. तिने तळवा नळीवर धरला. थंड हवा बोटांतून वर येत होती, अगदी पूर्वीसारखी. थोडा वेळ तिने हात तसाच राहू दिला. मग काढून घेतला, पदराला पुसला, आणि ती दिवा घेऊन घरी निघाली.